अबदागिरे एकूण किती?

रेकॉर्ड रूममध्ये एकवीस वर्षं काढून बाहेर पडलो, तेव्हा सोबत धुळीचा खोकला आणि लोकांच्या आडनावांचा घोळ घेऊन आलो. खोकला वर्षभरात गेला. घोळ गेला नाही. या अंकासाठी लिहायला बसलोय तर वाटतंय, निदान एका आडनावाचा तरी निकाल लावून टाकावा. लागेलसं दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर मला बोल लावू नका.

माझं काम काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो जांभई देतो. तालुक्याच्या कचेरीच्या मागच्या अंगाला एक खोली, खिडकीला जाळी, आणि छतापर्यंत रुमालात बांधलेले कागदांचे गठ्ठे. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची खबर गावचा कोतवाल आणायचा आणि ती वहीत चढायची. त्या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. स्वातंत्र्याआधीच्या बहुतेक नोंदी मोडी लिपीतल्या. कचेरीत मोडी वाचणारा मी एकटाच, त्यामुळे साहेबसुद्धा माझ्याशी जरा जपून बोलत. कुणाला दाखल्यासाठी पणजोबांची नोंद हवी असली की अर्ज यायचा, मी गठ्ठा सोडायचा, वाळवी झटकायची, नोंद शोधायची आणि नक्कल द्यायची. बस्स, एवढंच.

पण माणसं नुसती नक्कल मागत नाहीत हो. त्यांना मूळ हवं असतं. मुंबईहून एक गृहस्थ आले होते, सफारी सूट वगैरे. घराण्यात कुणीतरी मोठा लढवय्या होऊन गेला असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. मी नोंद काढली. लढवय्या तापानं गेलेला आणि धंद्याच्या रकान्यात 'गुरे राखणे'. गृहस्थ त्या मोडीवर वाकले आणि म्हणाले, "तुमचा चष्म्याचा नंबर कधी तपासलाय?"

दुसऱ्या एक आजी. आयुष्यभर मालती म्हणून वावरलेल्या. नोंदीत नाव निघालं दगडी. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून आईनं मुद्दाम वाईट नाव लिहवलेलं. मी चाचरत वाचलं, तर आजी काउंटरवर हात आपटून हसायला लागल्या. "मेलीनं साठ-सत्तर वर्षं सांगितलं नाही गो मला!" असं आपल्या सुनेला सांगत सांगत गेल्या. तर अशी गंमत. आडनावांची तऱ्हा याहून वाईट. जुन्या नोंदीत कितीतरी माणसांना आडनावच नाही. अमका बिन तमका, की संपलं. आडनाव पुढे कधीतरी शाळामास्तरांनी लावलं, नाहीतर गावानं लावलं. ते कुठून आलं हे मला विचारायचं म्हणजे पावसाचा थेंब कुठल्या ढगातला ते विचारण्यासारखं. तरी लोक विचारायचे आणि मीही, मूर्खासारखा, सांगायचो.

वसंतराव अबदागिरे आले ते अठ्ठ्याण्णव साली, पावसाळा सरता सरता. अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत राहायचे, नोकरी तिथलीच. उंच, किडकिडीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. काखेतल्या रेक्झिनच्या पिशवीतून त्यांनी एक वही काढली. वहीवर लिहिलं होतं, 'अबदागिरे – एकूण'.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "आम्ही किती आहोत?"

"मला तर तुम्ही एकटेच दिसताय," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. वही उघडून माझ्यापुढे सरकवली. मुंबईची टेलिफोन डिरेक्टरी त्यांनी बसून चाळली होती. तीत तीन अबदागिरे. पुण्याच्या डिरेक्टरीत एक. चौघांना पत्रं धाडलेली. तिघांकडून काही उत्तर नाही. चौथ्यानं कळवलं होतं की आम्ही आडनाव बदलून घेतलं आहे, कृपया पुन्हा पत्र पाठवू नये. त्याच्या नावावर वसंतरावांनी काट मारली होती, पण पट्टी लावून, व्यवस्थित.

मोजण्याचे त्यांचे नियमही होते. लग्न होऊन आलेली सून धरायची. लग्न होऊन गेलेली मुलगी सोडायची. "आणि माहेरी परत आलेली?" मी मुद्दाम विचारलं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "तिला पेन्सिलनं." मला हसू आवरेना. असला छांदिष्ट माणूस कचेरीत आला की दिवस बरा जातो, म्हणून मी चहा मागवला. आणि चहा पिता पिता त्यांनी खरं काय ते सांगितलं.

"गेल्या वर्षी वडील गेले. वसाहतीतच. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा भटजींनी विचारलं, भावकीतलं कोण आहे? मी आजूबाजूला बघितलं. एका बाजूला मी. बाकी एक फिटर, एक ड्रायव्हर, एक शेजारचे मास्तर. भली माणसं होती हो, त्यांचे उपकार आहेत. पण भावकीतलं एकही नाही. आमचे आजोबा तिवरखिंडीहून निघाले, तिथं आता घरसुद्धा नाही. मला आकडा कशाला हवाय? मला माणसं हवीत."

मी म्हटलं, बघतो.

आणि खरोखर बघितलं. तिवरखिंडीच्या कोतवाल बुकात त्यांच्या खापरपणजोबांची मृत्यूची नोंद मिळाली, गोपाळ बिन विठू अबदागिरे, मूळ राहणार करंजखोल. मी उडालोच. करंजखोल आमच्याच तालुक्यातलं, देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं गाव. तिथली मतदार यादी काढली. तिच्यात अबदागिऱ्यांचं एक घर, सहा माणसं! मग करंजखोलचं जुनं कोतवाल बुक काढलं. त्यात विठू, आणि विठूचे दोन मुलगे, गोपाळ आणि रामा. गोपाळ तिवरखिंडीला गेला, रामा करंजखोलला राहिला. पुढची काही वर्षं मात्र वाळवीनं खाल्लेली. नुसती चाळण. चाळणीच्या पलीकडे पुन्हा एक अबदागिरे उगवतो, धाकू नावाचा, आणि त्याच्यापासून आजच्या घरापर्यंत ओळ सरळ येते.

रामा आणि धाकू यांच्यामधली फट मी लाल पेनानं जोडली. मला शंकाच आली नाही. एवढं आगळं आडनाव, त्याला दोन मुळं कुठून असणार? फुलस्केपवर वंशवेल काढून दिली. कागदाला शिक्का नाही, आवक-जावक क्रमांक नाही, हा सगळा खाजगी उद्योग. पण खाली मी सही केली. सवय! समोर कागद आला की हात आपोआप जातो. वसंतरावांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि परस्पर जाऊन लॅमिनेट करून आणला.

करंजखोलला मीही त्यांच्याबरोबर गेलो, स्वतःची करामत बघायला. घरातले वडीलधारे म्हणजे शांताराम अबदागिरे, सगळे आबा म्हणायचे. ऐंशीच्या घरातले, पडवीत सुंभ वळत बसलेले. शिमग्यात देवीची पालखी निघते तेव्हा पुढे अबदागीर धरायचा मान या घराचा. अबदागीर म्हणजे उंच काठीवरची पंख्यासारखी भरजरी सावली. आडनाव त्यावरूनच पडलं, हे सांगायला माझीही गरज नव्हती. मी कागद वाचून दाखवला. आबांनी कागदाकडे बघितलं, वसंतरावांकडे बघितलं. आणि पुन्हा सुंभ वळायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसावं.

"कागुद म्हंतोय तर आसंल," ते शेवटी म्हणाले. "ये वसंता. बस. लय उशीर क्येलास."

वसंतराव पडवीच्या पायरीवर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. मला माझाच अभिमान वाटला. एकवीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या कागदानं माणसाचं इतकं भलं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता भावकी म्हणजे नुसतं येणं-जाणं नव्हे. भावकी ठरते सुतकावरून. कुणी गेलं की ज्यांनी दहा दिवस देवाची पूजा करायची नाही, गोडधोड नाही, सण नाही, ती भावकी. जो सुतक धरत नाही तो परका, मग कितीही जिव्हाळ्याचा असो. पुढच्या वर्षी आबांची वहिनी वारली, ऐन गणपतीच्या चार दिवस आधी. वसंतरावांचा कचेरीत फोन आला. आवाज असा की मला वाटलं मुलगी बोर्डात आली.

"भाऊसाहेब, आम्हाला सुतक आलं!"

गणपती बसवता येणार नाही म्हणून हळहळणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. सुतक आलं म्हणून हरखलेला हा एकच. मखर काढून ठेवलं होतं, करंज्यांचं सारण तयार होतं, बायको कुरकुरत होती आणि हे शेजारीपाजारी सांगत फिरत होते की आमच्या भावकीत गेलं हो कुणीतरी. वेडाच माणूस! पण मला कळत होतं.

तेव्हापासून दर शिमग्याला अलोऱ्याचं अख्खं घर करंजखोलला. आबांच्या वहिनींवर काट मारूनही वहीतला आकडा घरच्या चारावरून नऊवर गेला. पुढे जनगणना लागली आणि मलाही वह्या घेऊन दारोदार पाठवलं, तेव्हा वसंतराव मुद्दाम येऊन विचारून गेले, "यात आडनावाचा रकाना कुठाय?" मी म्हटलं, नावं लिहितात, पण कुठल्या आडनावाचे किती ते कुणी मोजत बसत नाही. ते अगदी खट्टू झाले. "घरात संडास आहे का ते विचारता. पण माणूस कुणापैकी ते विचारत नाही." मी त्यांना समजावलं की सरकारला त्याचा उपयोग नाही. त्यांना ते काही पटलं नाही.

यानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी माझ्या काउंटरपाशी दोघं येऊन उभी राहिली. एक वसंतरावांची मुलगी मृणाल. ती डी.एड. होऊन देवरूखकडच्या शाळेत शिकवत होती आणि घरचेच म्हणून शनिवार-रविवार करंजखोलला जाऊन राहायची. दुसरा आबांचा नातू संदेश. कलमांची रोपवाटिका चालवायचा, भाट्याच्या सरकारी केंद्रातून नारळाची रोपं आणायचा, मातीनं रापलेली बोटं. मी आपला भाबडा, म्हटलं बहीण-भाऊ बरोबर आलेत, काही दाखला हवा असेल.

"काका," मृणाल म्हणाली, "आम्हाला लग्न करायचंय."

"कुणाशी?" मी विचारलं. आता काय सांगू तुम्हाला! खरंच विचारलं.

संदेश खाली बघायला लागला. मृणालनं माझ्याकडे असं पाहिलं की चौथीतला मठ्ठ पोरगा म्हणजे मीच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा म्हणतात, एक भावकी, म्हणजे तुम्ही बहीण-भाऊ. पाच-सहा पिढ्या मागे गेलं तरी भावकीत पिढ्या मोजत नाहीत म्हणतात. भिंतीवरच्या तुमच्या कागदाकडे बोट दाखवतात. काका, कागद बरोबर असेल तर तसं सांगा. मी बदली मागून घेते, पुन्हा करंजखोलची वाट धरणार नाही. चुकला असेल तर तेही सांगा. पण सही तुमची आहे, तेव्हा तुम्हीच सांगायचं."

मी पंधरा दिवस मागितले. पंधरा दिवस जेवणाच्या सुटीत भिंग घेऊन त्या चाळणीत डोकं घातलं. आणि जे मी पाच वर्षांपूर्वी बघायला हवं होतं ते आता दिसलं. धाकूच्या बापाचं नाव पांडू लिहिलेलं. रामाला पांडू नावाचा मुलगा असल्याची नोंद कुठंच नाही. पण नसल्याचीही नाही, कारण तीच पानं खाल्लेली. रामाच्या मृत्यूची नोंद सापडली, तिच्या शेऱ्यात 'मागे' एवढाच शब्द उरलेला. मागे दोन मुलगे? मागे कोणी नाही? पुढचं वाळवीच्या पोटात. एक दिवस वाटायचं, पांडू रामाचाच. दुसऱ्या दिवशी वाटायचं, छे, कसला रामाचा. रात्री जेवताना मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणजे आमची सुमन, तिला मोडी येत नाही पण बाकी बरंच येतं.

"कागदात दिसत नसेल तर जाऊन विचारा ना," ती भात वाढत म्हणाली. "माणसं अजून जिवंत आहेत की."

एकवीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं.

मी एकटाच करंजखोलला गेलो. आबा घरापुढच्या खळ्यात उन्हाला बसले होते. मी सगळं सांगितलं. पांडू, रामा, भोक पडलेला कागद, मृणाल, संदेश. आबांनी घरातल्यांना आत पिटाळलं.

"भाऊसाब, देवीम्होरं आबदागीर धरनारं घर रिकामं ठेवत न्हाईत. घर बुडला, मागं कोन उरला न्हाई, की गाव दुसऱ्या घराला नारळ द्येतो. नारळ घ्येतला की मान त्येचा आनि आडनावबी त्येचा. रामा आबदागिऱ्याचा घर बुडला. गावानं आमच्या पांडूला बसवला. आमचा मूळचा आडनाव येगळा. माज्या आज्यानं माला एकदाच सांगितलान, आनि कुटं बोलू नको म्हनून शपथ घातलान."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी कागद वाचला तेव्हा?"

"गावात फुटला की आमी बसवलेलं, तर दुसरी घरं मानावर टपून बसलीत." ते जरा थांबले. "आनि त्येच्या डोळ्यांकडं बघितलं मी. बापाला खांदा द्यायला मानूस गावला न्हाई म्हनून आलेला त्यो. त्येला न्हाई कसा म्हनू?"

माझ्या मनात एक शंका आली आणि मी ती बोलून दाखवली. माणसानं इतकं सरकारी असू नये, पण मी होतो. "आबा, हे खरं आहे, की नातवासाठी आता रचताय?"

म्हातारा गालातल्या गालात हसला. "तुमी कागुद बघा की."

आता माझी अवस्था बघा. आबांचं खरं मानावं, तर अस्सल अबदागिरे उरले ते अलोऱ्याचे चौघंच, आणि ज्यांच्याकडे मान आहे ते नुसते बसवलेले. खोटं मानावं, तर ही पोरं भाऊ-बहीण. आणि आबांचं म्हणणं गावात सांगायची सोय नाही, कारण मान जातो. मी डोकं धरून बसलो. आबा म्हणाले, "वसंताला घ्येऊन या. मी बघतो काय ता."

पुढच्या रविवारी वसंतराव आले. पुन्हा तीच पडवी, तीच पायरी. आबांनी मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं, शपथेसकट. वसंतराव मान हलवत राहिले, नाही नाही म्हणत. मग आबा म्हणाले,

"कागुद फाडू नको. गावात बोलू नको. फकस्त मी म्येलो की सुतक धरू नको. तेवढा क्येलास की पुरे. सुतक न्हाई म्हंजे भावकी न्हाई. मंग पोरांचा लगीन कोन आडवनार?"

"आणि गाव काय म्हणेल? मी खोटा अबदागिरे, असंच ना?"

"व्हय," आबा म्हणाले. "गाव तसाच म्हनंल."

म्हणजे कुणी खरा असलाच तर तो वसंतराव, आणि परका ठरणार तोही वसंतरावच. हे त्या पडवीत आम्हा तिघांनाही कळत होतं. वसंतराव उठले आणि चपला घालून पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागले. मी मागून धावलो. एसटीच्या थांब्यावर त्यांनी मला गाठू दिलं.

"भाऊसाहेब, माणसं तुम्हीच दिलीत. आता तुम्हीच काढून घेताय. दिलेला कागद सरकार परत मागतं का कधी?"

"मी तेव्हा चुकलो, वसंतराव. निदान चुकलो असेन असं वाटतं."

"चुकलात की वाटतं? एक काय ते सांगा."

त्यांची गाडी आली. चढताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर कित्येक महिने त्यांचं कार्ड नाही, फोन नाही. मृणालनं बदलीचा अर्ज दिल्याचं मात्र कानावर आलं. तो अर्ज माझ्या सहीमुळे दिला गेला, हे मला दिवसातून दहा वेळा आठवायचं. त्या काळात कुणी मूळ विचारलं की मी खेकसायचो.

आबा गेले ते थंडीत. सकाळी सकाळी संदेशचा फोन घरी आला. मी पोचलो तेव्हा वसंतराव माझ्या आधी येऊन उभे होते, एकटेच. तिरडी उचलली तेव्हा पुढे झाले आणि त्यांनी खांदा दिला, वाटेत कुणी बदली करायला आला तरी सोडला नाही. स्मशानातून परतल्यावर भावकीची माणसं पडवीत एका बाजूला बसली. दहा दिवसांचं कसं काय ते बोलणं सुरू झालं. संदेशच्या वडिलांनी सरकून जागा केली. "वसंता, ये."

वसंतराव खळ्यातच उभे राहिले. म्हणाले, "भाऊसाहेबांबरोबर निघतो. मला परत जायचंय." सगळे बघत राहिले. त्यात कुणी कुजबुजलंही, खोटा अबदागिरे म्हणून. माझ्या कानांपर्यंत आलं, म्हणजे त्यांच्याही गेलंच असणार.

अलोऱ्याकडे जायला त्या संध्याकाळी गाडी नव्हती, म्हणून ते आमच्या घरी मुक्कामाला आले. दारातच आंघोळ केली, चार घास खाल्ले, झोपले. त्यांनी काय ठरवलंय ते मला कळतच नव्हतं. पडवीत बसले नाहीत हे खरं, पण सुतक काय, ते घरी जाऊनही धरता येतं.

सकाळी मी दाढी करत होतो. वसंतराव आंघोळ करून, ओलेत्यानं, देवघराच्या दारात उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आज तुमच्या देवांची पूजा मी करू?"

"अहो, पण तुम्हाला सुतक..." मी फेस लावलेल्या तोंडानं बोलून गेलो.

"तुम्ही गप्प बसा हो," ही म्हणाली. तिनं माझ्या कपाटातलं सोवळं काढून त्यांना दिलं, परसात जाऊन जास्वंदीची आणि तगरीची फुलं आणली, गंध उगाळून ठेवलं. "देव ताम्हनात घ्या, भावोजी. पाणी कोमट केलंय."

त्यांनी सगळी पूजा केली. एकेक देव धुतला, पुसला, गंध लावलं, फूल वाहिलं. बाळकृष्ण दोनदा हातातून ताम्हनात पडला. निरांजन लावायला तीन काड्या लागल्या. मी गालावरचा फेस वाळेपर्यंत दारात उभा होतो. मला उशिरा कळतं, पण तेव्हा कळलं. आबांना जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि हा माणूस साक्षीदार समोर ठेवून देवाची पूजा करत होता.

पूजा झाल्यावर त्यांनी आमच्याच फोनवरून अलोऱ्याला फोन लावला. फोन मृणालनं घेतला असावा.

"बाळ, आईला सांग, देवापुढे दिवा लावा. काहीतरी गोडाचं करा. आपल्याला सुतक नाही." पलीकडून ती काहीतरी विचारत होती. "नाही म्हटलं ना. तो बदलीचा अर्ज मागे घे."

रिसीव्हर ठेवून ते माझ्याकडे वळले. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध, डोळे कोरडे ठक्क.

"भाऊसाहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांची नाती वाचलीत. मला एवढंच सांगा, आबा माझे कोण होते? मी आता कुणाचं म्हणून रडू?"

रामा, पांडू, धाकू, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी सुमनकडे बघितलं.

"तुमच्या मृणालचे आजेसासरे होते ते, भावोजी," ती म्हणाली. "रडा तुम्ही. रडायला सुतक लागत नाही."

तेव्हा कुठे ते खाली बसले आणि रडले.